तीन वाजताचं खाणं

आमच्या सशाचं पोट बंद पडलं होतं. दोन दिवस तो आपल्या लाकडी खोक्यात अंग आखडून बसला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बाहेर ओढू नका, घाबरला तर हातचा जाईल. दर तीन तासांनी आतच सिरिंजने भरवा आणि पोट चोळा."

तीन वाजताचं खाणं माझ्याकडे होतं. कामावरून आले, पातळसर कालवलं आणि खोक्याच्या भोकातून हात आत घातला. मऊ कान चाचपले, गालाच्या कडेने सिरिंज लावली. एरवी थुंकून टाकायचा, आज गटागटा प्यायला. पोट चोळलं, तर चक्क गुडगुडलं! माझ्या जीवात जीव आला. आतला हात न काढताच नवऱ्याला फोन लावला.

"अरे, पोट सुरू झालं त्याचं! सगळं संपवलं पठ्ठ्याने!"

"कुणी?" तो म्हणाला. "तू गेल्यावर फारच मलूल झाला, म्हणून दवाखान्यात आणलंय त्याला. गडबडीत तुला सांगायचंच राहिलं. हा काय, माझ्या मांडीवर आहे."

मी हात मागे घेणार, इतक्यात आतून कुणीतरी तो मनगटाशी हळूच धरला आणि पुन्हा आपल्या पोटावर ठेवला.