पागेवरची खोली

"वाकून ये," लहू म्हणाले. "चौकट ठेंगणी आहे."

ते स्वतः सरळ आत गेले. रवी वाकला, तरी त्याचं कपाळ लाकडाला घासलंच.

कमानीखालून चौकात आल्यापासून लहू खुशीत दिसत होते. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्याच डब्लिन नावाच्या गावाबाहेरच्या या शेतांत कुणा श्रीमंताने इंग्लंडमधल्यासारखी हवेली बांधली होती आणि तिच्यामागे ही घोड्यांची पागा. चारी बाजूंना विटांच्या बैठ्या इमारती, मधे फरसबंद चौक, कमानीवर घड्याळाचा मनोरा. आता खाली चित्रकारांचे स्टुडिओ होते आणि वर, जिथे पूर्वी मोतद्दार झोपायचे, तिथे भाडेकरू.

लहूंनी नागपूरला आयुष्यभर वास्तुकला शिकवली. एरवी ते गप्प असत. इमारत दिसली की बोलत.

"खाली भिंतींचे कोपरे पाहिलेस? गोल केलेत. घोड्याला खरचटू नये म्हणून. आणि घोडा सांभाळणाऱ्याला हा जिना! शिडीच म्हण."

"तेच म्हणतोय बाबा. तुमचे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं सोड. वायफाय येतं का इथे?"

"येतं."

हवेलीच्या बाजूच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. त्या कोऱ्या विटांवर लहूंनी हात फिरवला.

"मालकांना इकडची माणसं दिसायला नको होती," ते सहज म्हणाले.

रवीने मान खाली घातली.

आई गेल्यावर बाबांना हट्टाने अमेरिकेत आणलं ते त्यानेच. मग वर्षभरात त्यांचं खोकणं, ऑफिसच्या कॉलमध्ये मधेच दार उघडून चहा विचारणं, तीच तीच आठवण सांगणं त्याला नकोसं झालं. बाबांना तो म्हणाला, "प्रणिताला घर लहान पडतंय." प्रणिताला म्हणाला, "बाबांनाच वेगळं राहायचंय, संकोचाने बोलत नाहीत." सासरा आणि सून असलं काही एकमेकांना तोंडावर विचारत नाहीत. त्यांच्याकडे तशी रीतच नव्हती. त्या भरवशावर त्याने ही खोली ठरवली होती.

लहूंनी नळ सोडून पाहिला. हीटरवर टिचकी मारली. मग खिडकीशी उभे राहिले.

"इथून तुझं ऑफिस किती लांब?"

"वीस मिनिटं. येता-जाता चक्कर मारेन ना मी."

"हं." ते खिडकीतून मागे वळले. "रवी, एकट्या माणसाला करमेल का रे इथे?"

रवी त्यांच्याजवळ गेला.

"बाबा, कॅन्सल करतो मी हे. प्रणिता काही म्हणाली नव्हती. मीच तिच्या नावावर बोललो."

लहूंनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"बरं झालं, बोललास," ते म्हणाले. "सकाळी बोलला असतास तर आणखी बरं झालं असतं."

"सॉरी, बाबा. चुकलं माझं. चला, घरी जाऊ."

खाली हॉर्न वाजला. रवीने डोकावून पाहिलं. जुलैच्या उन्हात प्रणिताची गाडी चौकात उभी होती, आणि ती डिकीतून एक मोठी बॅग ओढून काढत होती.

तो धडधडत जिना उतरला.

"बॅग परत ठेव, प्रणिता. बाबा घरीच येतायत."

"हो तर," ती म्हणाली. "भरली वांगी करून ठेवलीत त्यांच्यासाठी."

भिंतीला धरून लहू सावकाश खाली आले. रवीच्या खांद्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला, मग प्रणिताच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि बेल्ट लावून घेतला.

प्रणिताने बॅग रवीच्या पायाशी आणून उभी केली.

"सकाळी बाबांनी मला सरळच विचारलं. तुझे ऑफिसचे शर्ट बॅगेत वरच आहेत," ती म्हणाली. "हिवाळ्याचे कपडे खाली ठेवलेत."