हातांकडे बघा

जिना चढताना गोविंदराव पुढे आणि सीमंतिनी मागे. पिशवीही त्यांच्याच हातात होती. दुसऱ्या मजल्यावर पोचून ते वळले, तर लेक अजून खालच्या वळणावर कठडा धरून उभी.

"पेशंट तुम्ही आणि धाप मला," ती हसत म्हणाली.

"वर्कशॉपं कमी कर. महिनाभर नुसती धावून राहिली आहेस."

"आज सोडून आले ना एक? तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी आलीस," गोविंदराव म्हणाले. "तुझ्यासाठी म्हटलं असतं तर नसती आली."

कंपू भागातल्या त्या खाजगी दवाखान्यात खिडकीजवळचा पलंग मिळाला. गोविंदराव त्यावर कडेलाच टेकले, परक्याच्या घरी बसावं तसे अवघडून. दवाखान्याचे कपडे घडी करून पायथ्याशी ठेवलेले होते. "नंतर बघू," म्हणून त्यांनी ते बाजूला सारले. सीमंतिनी शेजारच्या खुर्चीत बसली. बसली म्हणजे जवळजवळ पडलीच.

सीमंतिनी लोकांना भावनिक बुद्धिमत्ता शिकवायची. बँकेच्या साहेबांना, शाळेतल्या बाईंना, सगळ्यांना. या कामाचे कोणी पैसे देतं यावर खासगी बाजार मोहल्ल्यात राहणाऱ्या तिच्या नातेवाइकांचा अजूनही विश्वास बसलेला नव्हता. "तोंडाकडे नका बघू, हातांकडे बघा," हे तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "तोंडाला खोटं बोलायची सवय असते." लोक ते मन लावून लिहून घ्यायचे आणि घरी जाऊन नेहमीसारखेच एकमेकांवर खेकसायचे.

आता ती वडिलांच्या हातांकडे बघत होती. ते घड्याळाचा पट्टा काढत होते, लावत होते, परत काढत होते. बाबा घाबरलेत. आतून पार हादरलेत. आणि याच्यावर आपल्याकडे काहीही उपाय नाही, हेही तिला कळत होतं.

गेल्या आठवड्यात बाबांनीच रक्त तपासायचं डोक्यात घेतलं. सुईचं त्यांना लहान मुलासारखं भय. "तू पण दे, मग मी देतो," म्हणून हटून बसले. तिने हसत आधी आपला दंड पुढे केला होता. भीती वाटून घेतली की हलकी होते, हे तर ती शिकवतच असे.

रिपोर्ट तिच्या नवऱ्याकडे, अभिरामकडे आला. स्वयंपाकघरात येऊन त्याने गॅस बंद केला आणि म्हणाला, "डॉक्टरांना ब्लड कॅन्सरचा संशय आहे. बाबांना ॲडमिट करायचं. त्यांना मात्र इतक्यात काही बोलू नकोस." हे सांगताना त्याने तिचा हात धरला होता आणि कितीतरी वेळ सोडला नाही. माझ्या वडिलांवर याचा केवढा जीव, असं वाटून तिला तेव्हा भरून आलं होतं.

तिच्या माहेरी आजाऱ्याला त्याचा आजार सांगायची रीतच नव्हती. आईला अल्सर आहे असंच शेवटपर्यंत सांगितलं गेलं. पै-पाहुण्यांपासून भांडीवालीपर्यंत सगळ्यांना खरं माहीत, फक्त आईला नाही. बाबांनी सगळ्यांना शपथच घातली होती. आई विचारत राहिली, विचारत राहिली आणि गेली.

सिस्टर डोकावली. "दीदी, सुबह से कुछ खाया आपने?"

"बस, चाय."

"ठीक है," म्हणून ती गेली. पेशंटच्या माणसाचीही चौकशी करते, गुणी मुलगी आहे, असं सीमंतिनीला वाटलं.

पाण्याची बाटली घ्यायला तिने हात लांब केला तशी बाही वर सरकली. दंडावर मोठा निळा डाग होता.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"प्रोजेक्टर उचलताना लागलं असेल. हल्ली कशानेही उमटतं."

त्यांनी मान खिडकीकडे फिरवली.

दुपारी हाडातला नमुना घेणार होते. त्याआधी बोलायलाच हवं होतं. आईच्या वेळचं पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं. पण दुसऱ्यांना शिकवायची ती सगळी वाक्यं आज जिभेवर येईनात. अंगात कणकण होती, तीही आज जरा जास्तच.

"बाबा, एक सांगायचंय. अभिराम नको म्हणाला होता."

"मला पण सांगायचंय. तू बोल आधी."

"तुमचा रिपोर्ट चांगला नाही. ब्लड कॅन्सर असू शकतो. आज त्याचीच तपासणी आहे." एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. "तुम्ही घाबरू नका. मी आहे."

गोविंदराव दचकले नाहीत. त्यांचे हात मात्र थांबले.

"मी पण आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो, बेटा. सगळं माहीत आहे. तुझ्या आईला नाही सांगितलं मी. फार मोठी चूक झाली. आता परत नाही करायची."

सिस्टर पुन्हा आली. तिच्या हातात मनगटाला बांधायची प्लॅस्टिकची पट्टी होती. "अंकल, बता दिया?" तिने हळूच विचारलं.

गोविंदरावांनी नकारार्थी मान हलवली. ते पलंगावरून उतरले, दोन्ही हातांनी चादर सारखी केली, उशी थोपटली. पायथ्याचे घडी केलेले कपडे उचलून त्यांनी लेकीच्या मांडीवर ठेवले. सिस्टरने सीमंतिनीचं मनगट हातात घेतलं आणि पट्टी बांधली.

"ये सीमू, पड," बाबा म्हणाले. "खुर्चीत मी बसतो."