कॉकवरचा बिल्ला

"बिल्ला दे," सुग्रीव सर तिसऱ्यांदा म्हणाले.

"आधी फोन," शिवकन्या म्हणाली.

तिचा हात पांढऱ्या कोटाच्या खिशात होता, मूठ वळलेली. कोटाची बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली. डेअरीच्या केबिनमध्ये तिघंच होते. टेबलापलीकडे मॅनेजर सुग्रीव सर, दाराला टेकून म्हातारे आश्रुबा मामा आणि मध्ये ती. घड्याळात नऊ वाजायला आले होते.

दुधाच्या टाक्या कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यानं धुतात. त्या पाण्यात आम्ल घालून त्याचा जोर मारायचा आणि मगच ते गटारात सोडायचं. आज ते तसंच गेलं. टाकीखालचा कॉक उघडा राहिला होता. दोन हजार लिटर जळजळीत पाणी कुंपणाखालून सरळ शहराच्या गटारात उतरलं. साडेआठला ते शिवकन्येनंच पाहिलं. तिनं कॉक बंद केला आणि त्याला अडकवलेला बिल्ला काढून घेतला.

कॉक उघडणाऱ्यानं आपल्या गळ्यातला फोटोचा बिल्ला त्याला अडकवायचा आणि कॉक बंद केल्यावरच परत गळ्यात घालायचा, असा डेअरीचा नियम होता. सरांनीच आणलेला. "गळा मोकळा लागला की कॉक आठवतो," ते सगळ्यांना सांगायचे.

"अगं, गेलं ते गेलं," सर म्हणाले. "दुपारपर्यंत वाहून जाईल. तू फोन केलास की पालिकेचे येणार, प्रदूषणवाले येणार, टाळं लावणार. मग पेडगावचं, पोखर्णीचं दूध कुठं ओतू? तुझ्या डोक्यावर?"

"ओता. पर आज मंगळवार हाय. नऊला पालिकेची माणसं खालच्या वस्तीतलं चेंबर उघडतेत. बांबू घालतेत, हात घालतेत."

"त्यांना काही होत नाही. सवय असते."

"कॉस्टिकची?"



आश्रुबा मामा दारातून म्हणाले, "माय, देऊन टाक. माजाच आसंल त्यो. दोन दिवसांपून बिल्ला दिसंना मला. आठला टाकीत कॉस्टिक बी मीच भरलं. खाली वाकून बगायला पायजे होतं. आता कंबर वाकत न्हाई, काय करू?"

"मामा, तुमी गप ऱ्हावा."

"कशाला गप राहील?" सर म्हणाले. "तो स्वतः कबूल करायलाय. पुढच्या महिन्यात असंही घरीच जायचंय त्याला. महिनाभर आधी गेला. नाव मिळालं, विषय मिटला."

"म्हणून तर देत न्हाई. नाव मिळालं की तुमी त्या माणसाला काढणार आन् फोन ऱ्हाऊन जाणार. त्या चेंबरमधल्या माणसाला ह्या नावाचा काय उपयोग?"

सरांनी खुर्ची मागं सरकवली. आवाज मऊ केला.

"शिवकन्या, तुझी नोकरी अजून पक्की नाही. मालकांना मी काय सांगतो त्यावर आहे सगळं. घरी लहान लेकरू आहे तुझं."

ते खरंच होतं. भक्ती आठ महिन्यांची. आज सकाळी साडेसातलाच सासूबाईंचा फोन आला होता, पोरगी वाटीला तोंडच लावत नाही म्हणून. आत यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येईना, तेव्हा शिवकन्या टाकीपासून होती तशी फाटकापर्यंत पळाली. 'ये गं चिऊ, ये गं काऊ' करत अर्धा तास फोनवर घास भरवत राहिली. चार चमचे पोटात गेल्याचं सासूबाईंनी सांगितलं, तेव्हा कुठं तिचा जीव खाली पडला. पान्ह्यानं छातीशी कोट अजून ओलाच होता.

"लेकरं खालच्या वस्तीत बी हायत, सर."

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर वर उचललं. गळती झाली तर पालिकेला कळवायचा नंबर तिथं होता. गेल्या तपासणीच्या आदल्या दिवशी चिकटवलेला, तपासणी झाल्यावर झाकलेला. डाव्या हातानं तिनं तो टेबलावरच्या फोनवर फिरवला आणि आवाज मोठा केला.

"बजरंग मुकादम बोलायलो. कोण?"

"डेअरीतून शिवकन्या. आमच्याकडून कॉस्टिक गटारात गेलंय. आठपासून साडेआठपस्तोर, दोन हजार लिटर. चेंबरमधी कुणाला हात घालू देऊ नका."

"आवो ताई, पोरं झाकण काढायलेत की!" मग लांबून आरोळी आली. "ए भारत! सोड! माघारी सर म्हणलं ना, माघारी!"

लोखंडी झाकण दगडावर आपटल्याचा आवाज आला. केबिनमध्ये कुणी हललं नाही.

"न्हाई लागलं कुणाला," मुकादम धापा टाकत म्हणाला. "लय वक्ताला केला फोन. सायबाला घेऊन येतो तिकडं. कुणी सोडलं त्याचं नाव तेवढं लिवून ठेवा."

फोन बंद झाला. सरांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"झालं तुझ्या मनासारखं? आता तरी दे."

तिनं खिशातून हात काढला नाही. सरांनी चिडून ड्रॉवरमधून अपघाताचा कागद ओढला. 'जबाबदार व्यक्ती' असं छापलेलं होतं, तिथं त्यांनी 'आश्रुबा' लिहिलं आणि पेन मामांपुढं धरलं. "कर सही."

मामांनी पेन घेतलं. कागद जवळ ओढून म्हणाले, "कुठं करू, सायब?"

"कुठंच न्हाई," शिवकन्या म्हणाली आणि तिनं पेन काढून घेतलं.

मग कोटाचं गळ्याशी लावलेलं बटण सोडलं. मूठ उघडून बिल्ला कागदावर, मामांच्या नावावर, उताणा ठेवला.

बिल्ल्यावरच्या फोटोत शिवकन्या हसत होती.