तेहतीस अनारसे आणि एक मीटिंग

अधिक महिन्यातलं जावयाचं वाण घ्यायला मी सासरी गेलो होतो, आणि पाटावर बसायचं सोडून आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो. बायकोला सांगितलं, ऑफिसची अर्जंट मीटिंग आहे. खरं तर मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये आमच्या टीमचा अटीतटीचा सामना चालू होता. चौघांपैकी मी एकटाच जिवंत उरलो होतो. वय वर्षं त्रेचाळीस.

दार ढकलून सासूबाई आत आल्या. हातात तांब्याचं ताट, त्यात तेहतीस अनारसे आणि तेवता दिवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलमधल्या बंदुकीकडे. मी हेडफोन खाली ओढला. चोरी पकडली गेली होती. पण अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला रागावायची सोय नसते. ताट ठेवून त्या शेजारीच टेकल्या.

"मीटिंग का, जावईबापू?"

"हो... म्हणजे, संपतच आलीय, आई."

"मग तो टाकीमागे लपलाय, तो तुमचा साहेब का?"

खरंच, पाण्याच्या टाकीमागे शेवटचा शत्रू दबा धरून बसला होता! मी नेम धरला, गोळी झाडली आणि आम्ही जिंकलो. आईंनी माझ्या पाठीत आनंदाने धपाटा घातला. जन्मभर तांदूळ निवडलेली नजर ती, तिच्यातून खडा सुटतो थोडाच!

तेवढ्यात बाहेरून बायको ओरडली, "आई, पानं वाढलीत! ह्यांची मीटिंग संपली का?"

आईंनी माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि चष्मा नीट केला.

"त्यांची संपली. आता माझी सुरू झालीय!"