राहिलेली दोन मिनिटं

१९९५ चा ऑगस्ट. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉलमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या जपानवरच्या विजयाची पन्नाशी साजरी होत होती. अध्यक्षांनी बर्मात लढलेल्या पलटणींची नावं घेतली आणि सगळा हॉल दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला. बसून राहिले ते एकटे दादासाहेब, छातीवर मेडलं लावून.

जगदीशच्या अंगाचा तिळपापड झाला. बिगुल ऐकला की काठी टाकून ताठ होणारा आपला बाप आजच नेमका अडून बसला होता.

शांतता संपली, लोक खाली बसले. तसे दादासाहेब उठले आणि त्यांनी सॅल्यूट ठोकला.

"दादा, संपलं ते. बसा आता," जगदीश दातओठ खात म्हणाला. "लोक बघतायत. शोभतं का हे तुम्हाला?"

"बिहारातल्या रामगढच्या छावणीत, आपल्या बाजूनं जपान्यांशी लढायला आलेल्या चिन्यांच्या एका डिव्हिजनला मी ट्रक चालवायला शिकवलं. बर्मात त्यांच्यातल्याच दोघांनी मला जळत्या ट्रकमधून ओढून काढलं, आणि तिथंच मेले. त्या डिव्हिजनचं नावसुद्धा घेतलं नाही यांनी." दादासाहेबांचा हात कपाळावरून हलला नाही. "त्यांची दोन मिनिटं आता चालू आहेत. तोंड बंद ठेव, आणि उभा राहा."