चालू भाडं
महाळुंग्याच्या चाळीत घरभाड्यांची पाहणी करणारी मुलगी पिंकीच्या दारात अडखळली. "ताई, चार हजार? शेजारच्या विजयश्रीताईंनी तर दोनच सांगितले." पिंकीच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढीच खोली, तोच नळ, आणि भाडं निम्मं! "चल, मालकिणीलाच विचारू," म्हणत ती मुलीसह आक्काबाईंच्या ओसरीवर थडकली. आक्काबाई विजयश्रीच्या डोक्याला खोबरेल चोळत होत्या. "हिचं व्हय?" पिंकीने निम्म्या भाड्याचं विचारताच आक्काबाई हसल्या. "रोज सांजच्याला येऊन बसती माझ्यापाशी. लेकीकडनं पुरं भाडं कसं घिऊ?" विजयश्री डोळे मिटून सुखावली होती. आई गेल्यापासून पिंकीच्या केसांना कुणी तेल लावलं नव्हतं. तोंडाशी आलेलं भांडण तिने गिळलं. "खोलीचं खरं भाडं किती लिहू?" मुलीने विचारलं. "माझं चारच लिही," वेणी सोडत पिंकी म्हणाली आणि विजयश्रीला ढकलून आक्काबाईंपुढे बसली. "सरक गं! आता माझा नंबर."