जेस्क्रिप्ट आणि शंतनूचं लग्न

"हे बघा काकू, ही घाण!" शंतनूने स्क्रीनवर बोट आपटलं. "जेस्क्रिप्ट! तरीच म्हटलं, सहा वर्षांत एकाही मुलीचा होकार कसा नाही!"

गिरगावातलं ते वधूवर मंडळ मृणालिनीकाकू चालवायच्या. शंतनूच्या आईने सहा वर्षांपूर्वी तिथे त्याचं नाव घातलं, तेव्हापासून सगळा शुकशुकाट. अखेर स्वारीने शोध लावला, की दोष मंडळाच्या वेबसाइटचा. ती फक्त एका जुनाट ब्राउझरमध्ये उघडते, आणि तो आज कुठल्या मुलीकडे असणार? बिचाऱ्यांना शंतनू दिसलाच नव्हता. आपल्याला बघूनही कुणी नाही म्हणेल, हे त्याच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं.

"पण जेस्क्रिप्ट म्हणजे काय रे?" काकूंनी विचारलं.

"मस्ती, दुसरं काय! वेबसाइट लिहायला सगळं जग जावास्क्रिप्ट वापरतं. त्या जुनाट ब्राउझरवाल्या कंपनीने तिची स्वतःची आवृत्ती काढली, ती ही जेस्क्रिप्ट. थोडं जगासारखं, बाकी आपल्या मनासारखं. आमच्या ब्राउझरमध्ये चालेल, दुसरीकडे अडलं तर तुमचं तुम्ही बघा! कुणाशी जुळवूनच घ्यायचं नाही म्हटल्यावर कोण विचारणार?"

"खरंय," काकू म्हणाल्या. त्या पुढेही काही बोलणार होत्या, पण ऐकून घेण्याबद्दल शंतनूची ख्याती नव्हती.

तीन रविवार तो मंडळात ठाण मांडून बसला. बाहेरच्या बाकांवर कोण येतंय, कोण जातंय, त्याने मान वर करून पाहिलं नाही. चहा ढोसत, मूळ प्रोग्रामरची अक्कल काढत त्याने वेबसाइट नव्याने लिहिली. जाता जाता स्वतःच्या अपेक्षाही तपासल्या. मुलगी इंजिनिअर हवी, पण सहाच्या आत घरात हवी. स्वतःची मतं असलेली हवी, पण आईसमोर ती मांडणारी नको. बदलण्यासारखं त्याला काहीच सापडलं नाही. उलट पुरणपोळी यायलाच हवी, एवढं त्याने वाढवलं.

शेवटी त्याने फोनवर वेबसाइट उघडली. झर्रकन उघडली. मग काकूंच्या फोनवर उघडली. त्याची छाती फुगली, आणि खरं सांगायचं तर आत धडधडलंही. बरोबरीच्या मित्रांची मुलं शाळेत जायला लागली होती. संध्याकाळी घरी आईशिवाय कुणी त्याची वाट बघत नव्हतं, आणि याचा त्याला मनापासून त्रास व्हायचा.

"आता बघा काकू," तो म्हणाला, "आता मुलींना कळेल मी कोण ते!"

काकूंनी बाहेरच्या बाकांकडे पाहिलं. तिथे चार-पाच मुली आईवडिलांबरोबर बसून स्थळांचे छापील कागद चाळत होत्या.

"वेबसाइट उघडत नाही, हे मला ठाऊकच होतं रे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर सहा वर्षं दर रविवारी तुझा फोटो आणि तुझ्या अपेक्षा मी येईल त्या मुलीच्या हातात देतेय."